चौक सोडल्यावर गाडी रडू लागली

खालापूरच्या अप्पा डॉक्टरांचा अंतर्गळ जुनाच. पट्टा आवळून ते वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले, दुसऱ्यांची पोटं तपासत राहिले. त्या माघातल्या सकाळी मात्र बाहेर आलेली गाठ आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या. अप्पांनी स्वतःच चाचपून पाहिलं आणि मुलीला हाक मारली.

"सुचेता, आतडं अडकलंय. आजच्या आज कापायला हवं. गाडी काढ. कर्जतला दुपारची पुण्याची आगगाडी गाठायची."

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांचा ड्रायव्हर पलटणीत गेला होता, म्हणून अप्पांनी सुचेतालाच मोटार शिकवली होती. जुन्या मोटारीनं बोरघाट चढणं शक्य नव्हतं. कर्जतला मात्र घाटाचं इंजिन जोडायला आगगाडी थांबायचीच. सारी आशा त्या थांब्यावर होती.

चौक गावाशी डांबरी रस्ता सोडून मोटार कर्जतच्या कच्च्या वाटेला लागली आणि सुचेताला तो आवाज ऐकू आला. आधी कानाशी डास गुणगुणावा तसा. मग चढत चढत, पिल्लू केकाटावं तसा.

"अप्पा, गाडी रडतेय."

"ऐकतोय." मागच्या बाकावर ते पाय पोटाशी घेऊन पडले होते. "थांबू नकोस. क्लच दाब आणि इंजिनचा वेग वाढव."

तिनं तसं केलं. इंजिन गुरगुरलं, पण कुईं वाढली नाही.

"म्हणजे इंजिन नव्हे. आता गाडी जरा डावी-उजवीकडे ने." त्यांना उमासा आला. तो जिरवून ते म्हणाले, "फरक?"

"काही नाही."

"मग चाकांचं नसावं. आता..." पुढचं त्यांच्यानं बोलवेना.

सुचेतानं आरशात पाहिलं. अप्पांचे ओठ पांढरे पडले होते. पुढची परीक्षा आता तिचीच. समोर चढ होता. तिनं पाय दाबला, तशी गाडी किंचाळली. पाय उचलला, तशी एकदम गप्प. ओढ लागली की रडते, सोडली की थांबते. आवाज मागून, बाकाच्या खालून येत होता. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यातले दाते चाकं फिरवतात, त्यातलं तेल आटलं असणार. तसंच दामटलं तर दाते जळतील आणि गाडी या माळावरच बसेल. थांबलं तर आगगाडी जाईल. 

तिनं गाडी थांबवली. खाली सरपटत जाऊन पाहिलं. गोळ्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला, इतका तो तापला होता. खालून सगळा तेलकट चिखल. पान्यानं बाजूचं बूच काढून तिनं आत काडी घातली. काडी कोरडीच बाहेर आली.

अप्पांच्या बॅगेत जुलाबासाठीची एरंडेलाची बाटली होती. पण गोळ्याला तेवढ्यानं काय होणार! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "देवा, कोणीतरी पाठव," असं ती मोठ्यानं म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

बऱ्याच वेळानं पेंढ्यानं लादलेली एक बैलगाडी वळणावरून आली. हाकणारा नामा, अप्पांचा जुना रोगी, आणि त्याची बायको चिमा, दोघं पोशीर गावची.

"काय झालं गं बाय?" नामानं विचारलं. मग आत डोकावून तो दचकला. "अरं द्येवा, अप्पा दाक्तर!"

"नामादादा, वंगण आहे का? आसाला घालायचंय."

गाडीखाली टांगलेलं बांबूचं नळकांडं त्यानं सोडलं. "नुसतं एरंडेल हाय, काजळी अजून घातली नाय. सगळं घ्या. आमची गाडी कुरकुरंल, कुरकुरू दे."

थंडीनं तेल घट्ट झालं होतं. चिमानं दगडांमध्ये पेंढा पेटवून तांब्यात तेल ऊन केलं. बूच आडवं, तेल ओतायचं कसं? सुचेतानं बॅगेतून कान धुण्याची पितळी पिचकारी काढली. उताणी पडून ती एकेक पिचकारी आत मारत होती. निम्मं तेल तिच्या तोंडावर, केसांत ओघळत होतं. शेवटी बाटलीही रिकामी केली. तेल काठाला आलं नाहीच. तिनं बूच आवळलं.

ती स्टिअरिंगवर बसते तोच चिमा मागचं दार उघडून आत शिरली. "खड्ड्यांत दाक्तरांचं डोकं कोन धरंल? तुमी हाका."

गाडी निघाली. रडणं उरलंच होतं, पण खालच्या सुरात, घोगरं. सुचेता चढावर पाय हलका ठेवायची, उतारावर इंजिन सोडून नुसती घरंगळू द्यायची. कर्जतला लागून असलेल्या दहिवलीची घरं दिसली तेव्हा अप्पांनी डोळे उघडले.

"सुचेता, दुखायचं थांबलं गं."

चिमा म्हणाली, "बरं झालं बाय, उतार पडला."

 अशा रोग्याचं दुखणं एकाएकी थांबलं की आतडं मेलेलं असतं, हे अप्पांनीच सुचेताला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनाही ते आठवत असणार. आरशात दोघांची नजर भेटली. अप्पांनीच मान फिरवली. तिनं पाय जोरात दाबला. दाते जळायचे तर जळू देत.

स्टेशनाबाहेर गाडी उभी राहिली तेव्हा गोळ्यातून धूर येत होता. पलीकडे घाटाचं इंजिन जोडून झालं होतं, गार्डाच्या हातात हिरवं निशाण होतं. सुचेता किंचाळत फलाटावर धावली. "थांबवा! माझे वडील मरताहेत!" तेलानं माखलेली ती बाई पाहून गार्डाचा हात खाली आला. हमालांनी स्टेशनातली खाट आणून अप्पांना तिच्यासकट पार्सलच्या डब्यात चढवलं. चिमाही चढली. जन्मात ती आगगाडीत बसली नव्हती.

"अगं, नामादादाला कळायचं कसं?"

"कळंल," चिमा म्हणाली आणि अप्पांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

पुण्यात सर्जननं हातभर काळं पडलेलं आतडं कापून टाकलं. "आशा धरू नका," एवढंच तो म्हणाला. दोघी व्हरांड्यात फरशीवर बसून राहिल्या. पहिल्या रात्री अप्पा तापात बरळले, दुसऱ्या दिवशी नाडी सापडेना, मग हळूहळू ताप उतरला. आठवड्यानं त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. चिमानं चमचा पुढे केला तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले.

"ही कोण?"

 सुचेता भिंतीकडे तोंड करून रडली, पहिल्यांदा पोटभर.