छिन्नीचं डोकं

फिटरची धाकटी मुलगी पहिलं पाऊल टाकायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. फिटर आणि त्याचा मेहुणा एकाच कारखान्यात जुन्या लोखंडी टाक्या तोडायचे. मेहुण्याने सांडशीत छिन्नी धरायची, फिटरने घण घालायचा, की पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचं डोकं उडालंच. जोडी अशी जमलेली की बोलायची गरज नसे. तरी मेहुण्याचं तोंड दिवसभर चालू.

फिटरची छिन्नी त्याच्या वडिलांची. आयुष्यभराच्या घावांनी तिचं डोकं पसरून कडा खाली वळल्या होत्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. बाकीचे अशा कडा ग्राइंडरवर उडवून टाकत. फिटर कुणाला हात लावू देत नसे.

"भाऊजी, हजामत करा हिची एकदा," मेहुणा म्हणायचा.

"बाबांचा हात आहे तो. हे बघ." फिटर छिन्नीच्या डोक्यावर कानस फिरवायचा. कानस नुसती घसरायची, चरा उठायचा नाही. "तुझ्या छिन्नीत आहे एवढा दम?"

"कडक झालीय, म्हणूनच भीती वाटते. लोखंड सावकाश दाबलं तर ऐकतं, सरकतं. घाव बसला की त्याला सरकायला वेळच मिळत नाही. हिने किती घाव खाल्लेत! आता वाकायची नाही ती, फुटेल."

"मोठा मास्तर लागून गेलास!"

घरी बायकोनेही विषय काढला. "अहो, छिन्नी तो धरतो. तुम्ही नाही."

फिटर ताटावरून उठला. वडिलांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. उरली होती ती एवढी छिन्नी. ग्राइंडरपर्यंत तो जाऊन आला होता. चाक सुरू करून, बंद करून, तसाच परतला होता.

त्या सकाळी टाकीच्या आत शेवटच्या ओळीवर मेहुण्याच्या छिन्नीची धार गेली.

"चला, बोलवा तुमच्या वडिलांना," तो हसत म्हणाला. "म्हातारबुवांना सांगा, माझ्यावर राग काढू नका."

फिटरला हसू आलं नाही. वडिलांची छिन्नी त्याने पुढे केली. "नीट धर," म्हणत घण नेहमीपेक्षा वरून आणला.

आवाज कोरडा आला, काच तडकल्यासारखा. "अरेच्चा," म्हणत मेहुण्याने मानेला हात लावला, डास चावल्यासारखा. मग बोटांमधून रक्त आलं. छिन्नीची एक पाकळी तुटून मानेत गेली होती, गव्हाच्या दाण्याएवढी.

फिटरने दोन्ही हातांनी मान दाबून धरली. "बोल रे काहीतरी! शिव्या दे!" तो ओरडत राहिला.

कोणती छिन्नी होती, हे बायकोने विचारलं नाही. भावाचे कपडे तेवढे मागून घेतले.

नंतर फिटरने ती छिन्नी ग्राइंडरवर धरली. ठिणग्या उडाल्या, डोकं सपाट झालं. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मेहुणा दवाखान्याच्या वाटेवरच गेला, त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी.