आप्पांच्या नावावरचा कांदा

आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी मला बघायला पाहुणे आले होते. पहाटेपासून चुलीपुढे आप्पाच होते. शेंगोळ्यांना उकळी आली तशी मी त्यांच्या हातातून पळी काढून घेतली.

"आता ओट्यावर जाऊन बसा. हा पेपर धरा."

"पुष्पे, मीठ तरी बघू दे."

"आई बघेल."

"तिला कळतंय व्हय मिठातलं?" हसले, पण गेले. मासिकातल्या वडिलांसारखे पायावर पाय टाकून बसले. आईला मी रानातून बोलावून घेतलं, नवं लुगडं नेसवलं आणि चुलीपुढे बसवलं. पाहुण्यांनी तिच्या हाताच्या चवीची तारीफ केली. आप्पा मान डोलवत राहिले.

आमच्याकडे दोन मासिकं यायची. बायकांच्या मासिकाला आप्पांनी हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती पाठवली, तेव्हा उत्तर आलं: हे सदर भगिनींसाठी आहे, आपण शेतीचे अनुभव पाठवावेत. शेतीच्या मासिकात पान उघडलं की 'शेतकरी बंधूंनो'. बाई दिसलीच तर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावर उभी. आमच्या घरात कांद्याचं बी धरायचं कसं, हे फक्त आईला ठाऊक. शेवटी आप्पांची कृती आणि आईचा कांदा, दोन्ही लेख मीच उतरवले आणि खालच्या नावांची अदलाबदल केली. दोन्ही छापून आले. आम्ही तिघं पोट धरून हसलो. त्यानंतर कोणीही घरी आलं की आप्पांना ओट्यावर पाठवायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या छातीत कळ आली. पाहुण्यांचा होकार आला तो मयतीला आलेल्या माणसाबरोबर.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर भाषणं झाली. होणारे सासरे पुढेच बसले होते. गहिनीनाथ पाटील उठले.

"आप्पासाहेबांचा कांद्याचा लेख आमी पेटीत जपून ठेवलाय. असा शेतकरी कोल्हारात न्हाई झाला."

शेजारच्या राहीबाईनं आईचा हात धरला. "आता कुणासाठी रांधायचं गं, मालनबाई?"

"मला येतंच कुठं रांधाया?" आई म्हणाली.

दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं वाटून राहीबाईनं तिला छातीशी घेतलं. तिच्या खांद्यावरून आई माझ्याकडे बघत होती.

तिथं बायका बोलत नाहीत. मी उभी राहिले.

"तो लेख आईचा आहे. आप्पांना शेतीतलं काही येत नव्हतं. आमच्या घरात रोजचा स्वयंपाक ते करायचे, आवडीनं करायचे."

"पोरी, बस खाली," पाटील म्हणाले. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला त्यांची लाज वाटायची," मी म्हणाले. "त्यांना ओट्यावर मी बसवायचे."