गॅलरीची खोली

बाणूवैनीला इमानात बसायची भीती, म्हणून लेक माउली तिला जहाजानं अमेरिकेला न्यायलाय. खोली कसली घ्यायची म्हणून त्यानं तिला फोन लावला.

"बिनखिडकीची घे. भीमेला पूर आला तरी मला धडकी भरतीय," वैनी म्हणाली.

"व्हय रे, मायला मेंढरावानी कोंडून ने," मी शेजारून काडी लावली.

"गप बसा भावजी!"

मग माउलीनं जहाजाच्या गॅलरीतून कुणीतरी काढलेला व्हिडिओ धाडला. नुसतं पाणी, वर आभाळ, काठ कुठंच न्हाई.

मेंढरामागं उघड्यावर झोपून जन्म काढलेली वैनी बघतच राहिली.

"एवढं रान, अन् एक झाड न्हाई," ती हळूच म्हणाली. "माउली, गॅलरीचीच घे. हे सोडून आत कोण झोपतंय?"