कवळीतली कीड

त्या संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळवाल्याकडेही गिऱ्हाईक नव्हतं. सगळी गर्दी महिपतबाबांच्या मांडवाखाली. बाबांपुढे पाण्याने भरलेली परात, परातीत दगडावर निखारे, निखाऱ्यांवर चिमूटभर ‘मंतरलेलं औषध’ आणि वर पालथं मडकं. मडक्याच्या भोकात पपईचा पोकळ देठ. दाढ दुखणाऱ्याने देठ तोंडात धरून धूर ओढायचा.

माझी थोरली बहीण कुसुमताई धूर ओढत होती. बाबांनी मडकं उचललं. पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या.

“बघा मंडळी! दाढेत जन्मले, हिरडीत वाढले, छातीत उतरायला निघाले, बाबाने वाटेत धरले!”

लोकांनी हात जोडले. ताई खोकत खोकत हसली. “बघ रघू! त्या डॉक्टरीणबाईंनी दाखवली होती का एकतरी?”

ताईचा दम जुना. सारा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, त्यात रोजची मिश्री. हिरड्यांतून रक्त यायचं, पू यायचा. छातीच्या डॉक्टर ऋजुता तिला म्हणाल्या होत्या, “आजी, हिरड्यांतले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरू शकतात, तिथली सूज वाढवू शकतात. इन्हेलर सोडू नका, मिश्री सोडा आणि दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्या साफ करून घ्या.” ताईने हे बाबांना सांगितलं आणि बाबांनी त्या जंतूंच्या अळ्या केल्या.

घरी जाताना मी म्हटलं, “ताई, हे रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं बी असावं. कुठेतरी वाचलंय.”

“मेल्या, तू वाचलंयस. मी डोळ्यांनी बघितलंय!”

वाचनालयात पुस्तकं लावण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. वाचलेलं चुकीचंही असेल, असं मला नेहमीच वाटतं.

ताईने इन्हेलर फळीवर ठेवला आणि पुन्हा जाऊन धूर घेतला. घरी येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले. इस्पितळात ऑक्सिजन लावला, तरी एकच धोसरा: “थोड्या अळ्या राहिल्यात रे. बाबांना बोलाव.” नर्स तोंड स्वच्छ करायला आली की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मग मी मांडवीला गेलो. “बाबा, माझीही दाढ ठणकते,” म्हटलं आणि देठ तोंडात धरला.

मडकं उचललं. अळ्याच अळ्या. “काकांच्या तोंडात वारूळ आहे, वारूळ!” बाबा ओरडले.

मी तोंडात बोटं घातली आणि वरची, खालची, दोन्ही कवळ्या काढून परातीशेजारी ठेवल्या. बायको गेल्यापासून माझं ते तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

गर्दीतली एक मासेवाली म्हणाली, “अगो बाय, यांना दातच नाय! मग किडे कुठले?”

“कवळीला लागलेली कीड ती!”

“पलास्टिकला?”

हशा पिकला. मी बाबांच्या पुडीतली चिमूट निखाऱ्यांवर टाकली आणि मडकं पालथं घातलं. देठाला कुणाचंच तोंड नव्हतं. तडतड झाली. मडकं उचललं, तर पाण्यावर पुन्हा अळ्या.

“रिंगणीचं बी तापलं की फुटतं,” मी बोळक्या तोंडाने म्हणालो. “आतला वळलेला पांढरा अंकुर उडून पाण्यात पडतो. दिसतो अळीसारखा. वळवळत मात्र नाही.”

शब्द फसफसत होते, पण लोकांनी ऐकले. बाबा परात टाकून मागच्या मागे निघून गेले.

त्यातले थोडे अंकुर मी रुमालात घालून ताईला नेऊन दाखवले, सगळं सांगितलं. तिने एक अंकुर बोटाने उलटवून बघितला.

“म्हणजे ह्या माझ्या तोंडातल्या नव्हेत?”

“नाही ताई.”

“मग माझं जे आहे, ते आतच आहे अजून?”

मी होकारार्थी मान डोलावली. तिने नर्सकडे बघितलं आणि आपणहून तोंड उघडलं.

दम जरा बसला की हिरड्यांवर इलाज करू, असं डॉक्टर म्हणाल्या. तो बसला नाही. ताई गेली.

हिरड्या आधीच बऱ्या केल्या असत्या, तर ताई राहिली असती का? मी विचारलं. “ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टर ऋजुता म्हणाल्या. “त्रास कदाचित कमी झाला असता. तो धूर मात्र त्यांनी घ्यायलाच नको होता.” बाबांना म्हणे सगळंच ठाऊक होतं. डॉक्टरांना जेवढं ठाऊक होतं, तेवढंच त्या बोलल्या. विश्वास कुणावर ठेवायचा, ते मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरात कुणाला दम लागत असेल, तर त्याच्या हिरड्या एकदा बघा. रक्त येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि कुणी परातीत चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच सांगा: बाबा, आता कुणाच्याही तोंडाशिवाय करून दाखवा.