दोन कॉन्सल, एक वर्ष

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पर्यवेक्षकबाईंनी विचारलं, "काका, हा विषय तुम्हाला येतो का?"

परीक्षा केंद्राची तळमजल्यावरची छोटी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली पांढरी काठी. एका खुर्चीवर परीक्षार्थी होती, इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काम करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली सव्वीस वर्षांची मुलगी. शेजारी तिचे लेखनिक, छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. ती सांगणार, ते लिहिणार. नियम एकच, पण लोखंडी होता: लेखनिकाला तो विषय येता कामा नये.

पेपर प्राचीन ग्रीक आणि रोमन इतिहासाचा होता. दीड वर्षापूर्वी काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांची हयात बियाण्यांची पाकिटं, औषधांची माहितीपत्रकं आणि बँकांचे अहवाल तपासण्यात गेली होती.

त्यांची ओळख फोनवरची. काकांची बायको पाच महिने इस्पितळात होती आणि ते रोज संध्याकाळी चौकशीला फोन करत. ती गेल्यावर काही आठवड्यांनी, भांडी घासून झाल्यावर, हाताने सवयीने तोच नंबर फिरवला.

"बोला काका. वॉर्ड चार ना?"

"नाही. आता तिथे कुणी नाही."

 ऑपरेटर म्हणाली, "तुमचा आवाज स्वच्छ आहे. मला एक पुस्तक वाचून दाखवाल? मी बाहेरून परीक्षा देतेय. मला दिसत नाही, आणि वाचून दाखवणारी मुलगी नोकरी लागून गेली."

तेव्हापासून तिची पाळी संपली की इस्पितळाच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर वाचन. घरी काकांना बोलायला भिंती होत्या, आणि भिंतींना कान असतात म्हणतात, तोंड नसतं. मुलगा परमुलखात होता. त्याच्या फोनवर हवापाणी आणि रक्तदाब एवढे दोनच विषय चालत. कँटीनमध्ये मात्र काका तास-दीड तास बोलत, आणि कुणीतरी ते मन लावून ऐकत असे.

प्रत्येक धड्याच्या शेवटी महत्त्वाच्या संज्ञा असत. त्या ती घोळून घोळून पाठ करी.

"ऑस्ट्रासिझम?" काका विचारत.

"नको असलेल्या माणसाचं नाव खापरीवर लिहायचं आणि त्याला दहा वर्षं हद्दपार करायचं. काका, आमच्या मेट्रनसाठी मी एक खापरी राखून ठेवलीये."

"एकीने भागत नाही. सहा हजार लागतात."

"अहो, एक पाळी सुटू द्या फक्त. ढीग पडेल."

"बरं. रोमचे कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, किती आणि किती काळ?"

"एक. दोन वर्षं."

"उलट. दोन, आणि एक वर्ष."

"एका म्यानात दोन तलवारी? भांडायचे नाहीत का?"

"एकाने दुसऱ्याला अडवावं म्हणूनच दोन."

"मग राज्य करायचे कधी?" ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच कॉन्सल सांगायची.

वाचताना अडखळायला नको म्हणून काका पुढचा धडा घरून वाचून येत. फॅलँक्स, हेलोट, ट्रिब्यून, प्लेबियन. भाजी चिरताना ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत. तेवढाच घरात आवाज. कधी पाठ झाले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पहिला लेखनिक आयत्या वेळी गळाल्यावर ऑपरेटरने काकांचं नाव दिलं आणि केंद्रावर सांगितलं की काकांचा आणि इतिहासाचा छत्तीसचा आकडा आहे. कुणी खोलात गेलं नाही.

घोळ झाला तो सराव परीक्षेत. केंद्रावरच्या शिक्षकांनी तिची उत्तरपत्रिका तिला वाचून दाखवली. "रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. बरोबर. पुढे..."

"थांबा सर," ती म्हणाली. "मी एक म्हटलं होतं. एक, दोन वर्षांसाठी."

शिक्षक हसले. "अगं, बरोबर लिहिलंयस, मग तक्रार कसली?"

ती हसली नाही. बाहेर व्हरांड्यात तिने विचारलं, "तुम्ही दुरुस्त केलंत?"

"मला कळलंच नाही गं. हात गेला."

हे खरं होतं. समोरच्या कागदावर चूक राहू द्यायची नाही, एवढं एकच काम त्या हाताला जन्मभर शिकवलेलं होतं.

"मग बाकीचे मार्क कुणाचे? माझे का तुमच्या हाताचे?"

काकांनी उजवा हात खिशात घातला.

"बोर्डावर लोक मला सांगतात, कुणातरी दिसणाऱ्याला फोन द्या. त्यांना वाटतं, मला दुसरं कुणीतरी चालवतंय. काका, कागदावर जे असेल ते माझं असू दे. चुकलं तरी माझं."

काकांनी शब्द दिला. दुसरा लेखनिक शोधायला वेळ नव्हता. वाचन पुन्हा सुरू झालं, पण मेट्रनची खापरी परत निघाली नाही. ती संज्ञा सांगायची, काका "बरोबर" म्हणायचे, आणि चहा निवून जायचा.

आता पर्यवेक्षकबाई उत्तराची वाट पाहत होत्या. त्या प्रत्येक लेखनिकाला हेच विचारत असाव्यात. "नाही" म्हटलं की त्या दार लोटून निघून गेल्या असत्या. काकांनी टेबलावर ठेवलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताच्या वतीने दिलेला शब्द त्यांना स्वतःलाच पटत नव्हता. आणि या खुर्चीवरून उठलं की संध्याकाळचा तो तासही जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

"येतो," काका म्हणाले. "सगळाच येतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? आता पाच मिनिटांत माणूस कुठून आणू मी?"

 ऑपरेटरने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

माणूस मिळाला. केंद्राच्या कचेरीतला कारकून पेन घेऊन आत गेला आणि काका बाहेर बाकावर बसले. दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच कारकून म्हणाला, "हळू, ताई, हळू! मी काय मशीन आहे?" त्यावर ती हसली. किती दिवसांनी, ते काकांनी मोजायचं टाळलं.

पेपर सुटला. ती कारकुनाचं कोपर धरून बाहेर आली. काका उठून भिंतीशी उभे राहिले. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण कॉन्सलचा प्रश्न आला होता का, तिने काय सांगितलं, एवढंच ओठांवर आलं, आणि ते विचारायचा आपल्याला हक्क उरला आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना. तोवर ती फाटकापाशी पोचली होती. कारकुनाने तिला बसमध्ये बसवून दिलं.

पर्यवेक्षकबाईंनी जाताना सांगितलं, "पुढच्या पेपरलाही हाच कारकून बसेल. वाचून दाखवायला मात्र तुम्हाला कुणाची बंदी नाही, काका."

पुढचा पेपर शनिवारी आहे, रोमन साम्राज्याचा. त्यातला शेवटचा धडा अजून वाचायचा राहिला आहे आणि पुस्तक काकांच्या पिशवीत आहे. बुधवारी संध्याकाळी ते कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. तिची पाळी सुटून अर्धा तास झाला होता. ती अजून आलेली नव्हती.