आणखी दोन दिवस

श्रावणात माझा नवरा हेरंब आमच्या घराभोवती फिरू लागला. कौलांच्या जरा वर, तोंड कायम घराकडे. पाय हलत नसत. ऊन पडेल तेवढाच तो दिसे. आधी कानाची कोर, मग गाल, मग सगळा चेहरा. चेहरा पूर्ण उजळला की त्या संध्याकाळपुरतं त्याला बोलता यायचं.

ज्या नक्षत्रात तो उजळायचा, तिथे सत्तावीस दिवसांत परत यायचा. पण तेव्हा एक गाल काळाच असायचा. बोलायला आणखी दोन दिवस लागायचे. ते दोन दिवस माझ्याच्याने निघत नसत.

"हे दोन दिवस कशाचे?" मी सासऱ्यांना विचारलं.

"घर जागेवर आहे, सूनबाई," अण्णा सुपारी कातरत म्हणाले. "सूर्य पुढे सरकतो. त्याच्यासमोर यायचं तर पोराला तेवढं जास्त जावं लागतं."

"सूर्य कुठला सरकतोय?" माझी नणंद पुष्पा म्हणाली. "आपलं घर सरकतंय त्याच्याभोवती."

दोघांच्या हिशेबात दोनच दिवस निघाले. तरी तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं.

अण्णांनी अंगणात खुंट ठोकले आणि घराचे चारही कोपरे दाव्यांनी बांधले. सकाळी दावी ताणलेली दिसली. अण्णांनी ती आणखी आवळली. त्याबरोबर भिंती आत आल्या. माजघरात एकच पाट मावू लागला, म्हणून आम्ही आळीपाळीने जेवायला लागलो. रात्री पुष्पा उभ्यानेच झोपायची. अण्णा म्हणाले, "बघा, कसं स्थिर आहे."

हेरंब उजळला त्या संध्याकाळी मी अंगणात गेले.

"अहो, घर हलतंय का?"

"हलतंय की."

"म्हणजे तुम्ही हलत्या घराभोवती फिरताय."

"इथून तसं वाटत नाही, शरयू. मी सूर्याभोवती फिरतोय. तुम्हीही. आपण शेजारून चाललोय, एवढंच."

"मग सारखे माझ्याकडे का बघता?"

"मान वळत नाही."

मला रडू आलं नाही. घरात कोणीतरी श्वास घेण्यासाठी खिडकी उघडू पाहत होतं आणि ती उघडत नव्हती. मी कोयता आणला आणि पहिलं दावं तोडलं.

"सूनबाई, घर जाईल!" अण्णा आतून ओरडले.

चौथं दावं मी तोडण्याआधीच तुटलं. भिंती एकदम मागे सरल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि घर आवाज न करता पुढे निघालं. मी धावायला पाय उचलला. तो खाली टेकला नाही.

आता मला वरून घर पूर्ण दिसत होतं. त्याचा अर्धा भाग उन्हात होता. तिथल्या खिडकीत पुष्पा दोन्ही हातांनी मला काहीतरी सांगत होती, आणि शेजारच्या खिडकीवरून अंधार हळूहळू तिच्याकडे येत होता.