क्लॅरी टिंडलची टोपी

विराबिलाच्या माजी सैनिकांच्या क्लबात मी वीसेक वर्षं स्वयंपाक केला. शेवटी शेवटी त्या क्लबात माजी सैनिक म्हणावा असा एकच माणूस उरला होता, क्लॅरी टिंडल. बाकीचे सगळे ट्रॅक्टर विकणारे, विमे उतरवणारे, नाहीतर जुगाराच्या यंत्रांपुढे पेन्शन घेऊन बसणारे. तरी रोज संध्याकाळी सहाला दिवे मंद व्हायचे, यंत्रं गप्प व्हायची आणि सगळे उभे राहून मेलेल्या सैनिकांसाठी मान खाली घालायचे. मग पुन्हा खुळखुळाट सुरू.

क्लॅरीचं युद्ध सांगण्यासारखं नव्हतं, आणि तो ते फार झकास सांगायचा. न्यू गिनीच्या जंगलात तो पलटणीचा आचारी होता. "जपान्यांनी पाडले नसतील इतके माझ्या रश्श्यानं आडवे केले," म्हणायचा. तिथं उतरल्या उतरल्या दोन नाणी उडवायच्या जुगारात गडी सरकारी टोपी हरला. नवी मागायची सोय नव्हती, कारण जुनी कुठे गेली ते सांगावं लागलं असतं. मग युद्ध संपेपर्यंत बोडक्या डोक्यानं उन्हात चुलीपुढे उभा. परत येऊन त्यानं मेंढ्या कातरल्या, कुंपणं घातली, आयव्हीशी संसार केला. ऊन मात्र काही विसरलं नव्हतं. म्हातारपणी डॉक्टरांनी त्याच्या टकलावरचं सडकं कातडं तुकड्यातुकड्यानं खरवडून काढलं आणि मांडीचं कातडं आणून वर ठिगळं लावली. त्यानंतर त्यानं खताबियाण्याच्या दुकानातून एक तपकिरी टोपी घेतली.

"इथं आत तरी काढ की," मी एकदा म्हटलं.

"लोक जेवत असतात, बाई," तो म्हणाला.

आता क्लबाच्या दारात पाटी होती: मेलेल्यांचा मान राखा, टोपी काढा. टोपी घालून कुणी आत आला की बारवरची घंटा वाजायची आणि त्यानं सगळ्यांना पाजायचं. जुने अध्यक्ष स्वतः लढून आलेले होते. क्लॅरी आला की ते खिडकीबाहेर बघायचे. मग त्यांच्या जागी आला डॅरल हॉकडे, आयत्या बिळावर नागोबा. आयुष्यात बंदूक धरली ती सशांवर. आजोबांची पदकं उजव्या छातीवर लावायची असतात, डावी बाजू ज्यानं स्वतः मिळवली त्याची. डॅरल लावायचा उजवीकडेच, पण छाती अशी फुगवायचा की पदकं मधोमध यावीत.

एका गुरुवारी क्लॅरी भाजलेलं मटण घेऊन बसला होता. आयव्ही गेल्यापासून माणसांत बसून खाल्लेलं आठवड्याचं ते एवढं एकच जेवण. डॅरलनं घंटा वाजवली.

"क्लॅरी, नियम सगळ्यांना सारखा. मेलेल्यांचा अपमान होतो."

"कुठल्या मेलेल्याचा? नाव सांग, ओळखत असेन मी."

अख्खा बार हसला. डॅरलचे कान लाल झाले. "टोपी काढ, नाहीतर बाहेर हो."

मी डाव घेऊनच बाहेर आले. "अरे डॅरल, त्याच्या डोक्याला..."

"ग्लेनिस, गप. तुझा रस्सा करपतोय," क्लॅरी मला म्हणाला. काटा ताटात ठेवला आणि निघून गेला. ताटातून अजून वाफ येत होती.

दुसऱ्या दिवशी मी डॅरलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरचा दाखला आणू दे, कमिटी विचार करील. क्लॅरीला निरोप दिला तर म्हणाला, "मेलेल्यांचा मान राखायला मला दाखला लागतो?" मी दर गुरुवारी ताट त्याच्या घरी न्यायला लागले. अर्धं तो कुत्र्याला घालायचा. "जेवण छान असतं गं," म्हणायचा, "पण गप्पा मारायला हाच. आणि याला कुठलाच विनोद कळत नाही."

एप्रिल आला. अँझॅक डेला, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनाला, शहरातून वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार होता, आणि पुष्पचक्र वाहायला खरा सैनिक हवा होता. डॅरल क्लॅरीच्या दारात जाऊन उभा राहिला. क्लॅरी येतो म्हणाला. मला राग आला, पण तो आला.

पहाटे चौकातल्या दगडी शिपायापुढे, जिथं गावच्या मेलेल्यांची नावं कोरलीत, सगळं गाव गोळा झालं. बिगुल वाजला आणि क्लॅरीनं टोपी काढली, कुणी न सांगता. ते खड्डे, ती ठिगळं गावानं पहिल्यांदा पाहिली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

नंतर डॅरल घसा खाकरत आला. "क्लॅरी, चल आत. रम घातलेलं दूध आहे, नाश्ता आहे. टोपीचं काय... आज चालेल."

"आणि गुरुवारी?"

"कमिटीपुढे ठेवतो."

"ठेव." क्लॅरीनं टोपी डोक्यावर चढवली. "इथं काढली, कारण इथं लेस बार्टरमचं नाव आहे. तो माझा रस्सा दोनदा मागून घ्यायचा. तुझ्या क्लबात कुणाचं नाव आहे, डॅरल? यंत्रांचं?"

आणि घरी गेला. कमिटीनं विषय पुढे ढकलला, मग आणखी पुढे ढकलला. ऑगस्टमध्ये क्लॅरी गेला. कुत्रा भुंकायचा थांबेना म्हणून शेजारणीला कळलं.

मेल्या म्हशीला मणभर दूध. झेंडा अर्ध्यावर आला. डॅरलनं भाषणात क्लॅरीला असा काही लढवला की मीच विचारात पडले, या पलटणीचं जेवण मग करत कोण होतं? क्लॅरीच्या भाचीकडून ती टोपी मागून आणली. बारजवळ काचेची पेटी केली, आत छोटा दिवा, खाली पितळी पाटी: न्यू गिनीच्या रणांगणावर क्लॅरी टिंडल यांच्या मस्तकी असलेली टोपी.

गुरुवारी सहा वाजले. दिवे मंद झाले. फक्त पेटीतला दिवा जळत राहिला आणि सगळे त्या टोपीकडे तोंड करून उभे राहिले. डॅरलचा हात छातीवर. तेव्हा मला राहवेना. मी बारपाशी गेले आणि घंटा बडवली.

"कोण आहे ते? कुणी टोपी घातलीय?" डॅरल ओरडला.

मी पेटीकडे बोट केलं. "ती बघ, आत आलीय. नियम सगळ्यांना सारखा ना? काढायला सांग तिला, नाहीतर पाज सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. डॅरलनं मला त्याच रात्री कामावरून काढलं. टोपी अजून आत आहे.